‘डेप्थ’ला खोली म्हणावं का?

रंकाळाकाठ: मंगळवार पेठेत पोरांना बुद्धिबळ शिकवतो. संगणक एकाच स्थितीत आधी एक चाल सांगतो, थोडा वेळ दिला की दुसरीच, हे समजवायला मराठीत दोन पानं लिहिली. उदाहरण रेक्याविक, १९७२, फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या लढतीतला पहिला डाव. २९ व्या चालीला फिशरच्या उंटानं एच-२ चं प्यादं खाल्लं, स्पास्कीनं जी-३ ला प्यादं सरकवून त्याची वाट बंद केली. ३५ व्या चालीला उंट गेला, म्हणजे मोजून बारा प्लाय (एका बाजूची एक खेळी म्हणजे एक प्लाय). थोडंच पुढं बघणाऱ्याला फुकटचं प्यादं दिसतं, लांब बघणाऱ्याला गेलेला उंट. संगणक किती प्लाय पुढं बघतो त्याला इंग्रजीत ‘डेप्थ’ म्हणतात. मी लिहिलं, “खोली ४ ला प्यादं, खोली १२ ला उंट.” एका पोराच्या आईनं विचारलं, “सर, क्लास आता चार नंबरच्या खोलीत का?” काय लिहू?

करवीरकर: परस लिहा की सर! आमच्याकडं विहीर परसातच मोजतात. हात वर करून उभा माणूस म्हणजे एक परस. “बारा परस बघितलं” म्हटलं की पोरांना लगेच कळतंय.

सुईदोरा: प्लायला शब्द आहे, पदर. लोकरीच्या लडीवर थ्री प्लाय छापलेलं असतं, आम्ही तीनपदरी म्हणतो. चाळीस वर्षं विणतेय.

उभाआडवा: ताई, पदर एकमेकांशेजारी असतात. इथं एक पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची, एकापुढं एक. सरळ ‘अर्धचाल’ म्हणा.

सुईदोरा: अर्धी चाल म्हणजे सोंगटी उचलून हातातच धरली असं वाटतं हो. पोरं तसंच समजतील.

प्रोग्रामवाला: डेप्थच ठेवा. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामच्या पडद्यावर पोरं तेच बघतात. आणि विहिरीची उपमा बसत नाही. प्रोग्राम कालच्या खड्ड्यातून पुढं खणत नाही. आधी १, मग पुन्हा वरून २, मग पुन्हा वरून ३. फक्त आधीच्या फेरीत चांगली ठरलेली चाल तो पहिल्यांदा तपासतो.

करवीरकर: दादा, गाळ काढायलासुद्धा दरवेळी वरूनच उतरावं लागतंय. पायऱ्या पाठ झाल्या की उतरणं सोपं जातं, एवढंच. विहीर बरोबर बसते.

उभाआडवा: पण परस म्हणजे घरामागची जागा. परसबाग. शहरातल्या पोराला तेच आठवणार. एका ‘खोली’तून सुटून दुसऱ्या घोळात कशाला पडायचं?

करवीरकर: तो परस वेगळा. हा ‘पुरुष’ वरून आला.

उभाआडवा: मग ‘पुरुष’च लिहा, अपभ्रंश कशाला?

करवीरकर: पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणणाऱ्यांच्या तोंडचा शब्द आहे, त्याला कमी लेखू नका.

रंकाळाकाठ: उद्या झेरॉक्स काढायची आहे. १२ च्या आधी काय लिहू ते सांगा कुणीतरी.

सुईदोरा: आजी म्हणायची, “आपल्या परसातली विहीर नऊ परस हाय.” आम्हा कुणाचा कधी घोटाळा झाला नाही.

उभाआडवा: ताई, त्या घरात विहीर समोर दिसत होती.