मदत हवी आहे: खाडीतला जेटस्कीचा तरंगता डॉक, कालवं आणि गंज

नमस्कार मंडळी,
देवबागला कर्ली खाडीत आमच्या दोन जेटस्कींसाठी तरंगता डॉक आहे. ५० सेंमी लांबी-रुंदीचे पोकळ प्लॅस्टिकचे ठोकळे पिनांनी जोडलेले, मध्ये उतार. थोडा थ्रॉटल दिला की स्की वर चढते. भरती-ओहोटीबरोबर डॉक आपोआप वर-खाली होतो, मोटार आणि तारांची भानगड नाही, म्हणून स्की पाण्याबाहेर उचलणाऱ्या लिफ्टऐवजी हाच घेतला.

अडचण अशी, की ठोकळ्यांच्या तळाला कालवं आणि बार्नकल (घट्ट चिकटणारे छोटे कवचधारी जीव) एवढी धरलीत की उतार पाण्यात बसलाय आणि चढताना स्कीचा तळ घासतोय. ठोकळ्यांच्या प्लॅस्टिकवर (पॉलिथिलीन) बोटीचा रंग टिकत नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको. लोखंडी पात्याने खरवडलं तर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुन्हा जास्तच धरतं. किनाऱ्यावर उलटा टाकून उन्हात सुकवायचा आणि मग प्रेशर वॉशर मारायचा, की ओलं असतानाच लाकडी पट्टीने काढायचं? कोणी दोन्ही करून पाहिलंय का?

दुसरं, नांगराची साखळी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली), ती जोडणारी कडी म्हणजे शॅकल ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची. नेमका त्या सांध्यापाशी साखळीला गंज खातोय. शॅकलही गॅल्व्हनाइज्ड घालू, की जस्ताचा अ‍ॅनोड (साखळीऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) पुरेल?

पावसात पुराबरोबर ओंडके येतात, तेव्हा डॉक सोडवून वर घ्यायचाच आहे. पिना काढायची चावी मोडलीय. मालवण, वेंगुर्ला किंवा गोव्यात कुठे मिळेल?