अनुभव धागा : आपल्याच चर्चमधल्या माणसाला टोकायचं कसं?

धागाकर्ती (वसई)

राखेचा बुधवार झाला, उपवासकाळ लागला की आपल्याकडे मासे-मटण कमी होतं आणि एकमेकांवरची नजर वाढते. कोण मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) उशिरा आलं, कोणी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेतला नाही, शुक्रवारी कोणाच्या खिडकीतून सुक्या मटणाचा वास आला. यातलं बरंचसं आपल्याला कळायची गरजच नसते. पण कधीतरी खरंच बोलावं लागतं. माणूस आपला असतो, रोज समोर येणारा असतो, त्याच्या मुलीची गॉडमदर आपण असतो. आणि बोललो की "तू कोण मोठी संत लागून गेलीस?" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते.

बायबलात मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम सरळ सांगितलाय. आधी एकट्याने त्याला गाठा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांगा. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. आधी ग्रोटोजवळ (मारियामातेच्या गुहेजवळ) चर्चा, मग फादरांच्या कानावर, आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याला सगळ्यात शेवटी, तेही मेहुण्याकडून.

दयेच्या सात आध्यात्मिक कृत्यांत पाप्याला सावध करणं आहे, आणि त्रास देणाऱ्यांना धीराने सोसणंही आहे. दोन्ही एकाच यादीत. कुठल्या वेळी कुठलं, ते तुम्ही कसं ठरवलंत? घडलेलं लिहा, उपदेश नको. फसलं असेल तर तेही चालेल. माणसांची आणि चर्चची नावं मात्र टाळा.

केळीवाला

आमच्या चर्चबाहेर चिंचेचं झाड आहे. सर्मन (प्रवचन) सुरू झालं की दहा-बारा पुरुष अलगद बाहेर. सिगारेट, बागेतल्या पाण्याचे वांधे, नगरपालिका. फादरांनी माइकवरून सुनावलं, पॅरिश कौन्सिलने बोर्ड लावला, सिस्टर येऊन हात जोडून गेल्या. फरक शून्य.

माझे थोरले काका त्या झाडाखाली स्वतः जाऊन उभे राहायला लागले. आधी मला वाटलं हेही गेले कामातून. पण ते गप्पा मारायचे, केळीचा भाव विचारायचे, आणि नेमक्या वेळी घड्याळ बघून म्हणायचे, "चला रे, घंटा व्हायच्या आत आत जाऊ." 'जा' नाही, 'जाऊ'. ते निघाले की वयाचा मान ठेवून चार-पाच जण मागे निघायचेच. बाकीचे अजूनही झाडाखालीच आहेत, खोटं कशाला सांगू.

जपमाळवाली

ऑक्टोबरात आमच्या वाडीत घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) फिरते. रोझरी पंधरा-वीस मिनिटं, नंतरचा चहा तासभर. एक मावशी त्या तासाची राणी. कोणाची मुलगी कोणाच्या बाइकवर, कोणाचं लग्न का मोडलं, सगळं ठाऊक. एकदा एका मुलीचं नाव निघालं, जिची आई दोन घरं सोडून राहते. मी म्हटलं, "मावशी, तिच्यासाठी आत्ताच एक नमो मारिया म्हणूया का?" सगळ्यांना म्हणावीच लागली. विषय तिथेच संपला.

धागाकर्ती → जपमाळवाली : राग मानू नका, पण हा टोमणाच झाला की. प्रार्थनेच्या वेष्टनातला.

जपमाळवाली → धागाकर्ती : पहिल्या वेळी टोमणाच होता. पुढच्या घरी मावशींनी स्वतःच एका आजारी माणसाचं नाव घेऊन म्हटलं, "ह्याच्यासाठी पण म्हणा एक." आता तो प्रघात झालाय. कुचाळकी थांबली असं नाही, पण मध्ये मध्ये श्वास घेते. पोप फ्रान्सिस २०२० मध्ये, ऐन साथीत, कुचाळकी ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे असं म्हणाले होते. ते मी मावशींना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो टोमणाच ठरला असता.

दोघांनी जायचं

मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केलेलं काम, आज जगभर चालतं. गरजू घरी भेट द्यायला दोघांनी जायचं आणि तिथलं काही बाहेर बोलायचं नाही, ही पहिल्यापासूनची शिस्त.

आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ अंकल. सत्तरी ओलांडलेले, तरी ऊन असो पाऊस असो, भेट चुकवत नाहीत. त्यांना मुलाने नवा फोन दिला आणि ते फोटो काढायला लागले. तांदळाची गोणी, तेलाचा डबा, तूरडाळ, शेजारी पदराने अर्धा चेहरा झाकून उभी बाई. फोटो थेट पॅरिशच्या ग्रुपवर, खाली 'प्रभूची कृपा'. पन्नास अंगठे, वीस हात जोडलेले.

त्या बाईचा मुलगा दहावीत. ग्रुपवर त्याचे सगळे मित्र. तो अल्टर बॉय होता, म्हणजे मिस्सेत फादरांना वेदीवर मदत करणारा, त्यानंतर वेदीवर दिसेनासा झाला.

मीटिंगमध्ये विषय काढायचा असं एकाने सुचवलं. मी नको म्हटलं, कारण तिथे अंकलना आठ जणांसमोर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर म्हणजे भांडण. पुढच्या भेटीला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर माझं नाव घातलं. स्कूटरवर ते मागे, मी पुढे. हे बरं असतं, एकमेकांचं तोंड दिसत नाही. मी विचारलं, "अंकल, तुमच्या लहानपणी सोसायटीवाले तुमच्या घरी यायचे ना?" हे मला माझ्या आईकडून माहीत होतं. ते म्हणाले, यायचे. गहू आणायचे. बाबा दार लोटून घ्यायचे, म्हणजे शेजारच्यांना दिसू नये. बोलता बोलता फाटक आलं, ट्रेन जायची होती, स्कूटर बंद केली. तेव्हा मी त्या मुलाचं सांगितलं. वेदीवर का येत नाही ते. फोटोचा शब्दही काढला नाही.

ट्रेन गेली, फाटक उघडलं, अंकल काही बोलले नाहीत. घरी सोडलं तेव्हाही नाही. ईस्टरपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पण फोटो त्या दिवसापासून बंद. मुलगा अजून वेदीवर परतलेला नाही, तो आता कॉलेजला जातो.

सुगंधा → दोघांनी जायचं : बायबलात दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली तशीच रीत. फरक एवढाच की नाथान शेवटी "तो माणूस तूच" असं तोंडावर म्हणाला. तुम्ही ते फाटकावर सोडलंत.

वडापाव आणि मी

दुसरी बाजू लिहिते. मला टोकलं गेलं त्याची.

ऑफिसातून थेट संध्याकाळच्या मिस्सेला गेले होते. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उठले नाही, बाकावरच गुडघे टेकून बसले. मिस्सा संपल्यावर शेजारच्या आंटींनी माझा हात हातात घेतला, आवाज एकदम मऊ. मी काहीतरी पाप केलं म्हणून उठले नाही, असं त्यांना वाटलं. "बाळा, काहीही असलं तरी पापनिवेदन करून घे. आपले फादर फार समजूतदार आहेत. देव सगळं माफ करतो." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

आंटी, मी चर्चगेटला गाडीत बसायच्या आधी नाही, उतरल्यावर स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला होता. ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नाही एवढाच मामला. पाणी आणि औषध चालतं, वडापाव चालत नाही.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. पुढचे कित्येक रविवार त्या माझ्याकडे बघून हळूच क्रूसाची खूण करायच्या. मऊ आवाजात बोललं म्हणजे न्याय केला नाही असं होत नाही, हे तेव्हा कळलं. त्यांनी ठरवून टाकलं होतं, आवाज फक्त नंतर खाली आणला. लोयोलाच्या संत इग्नेशियसचं म्हणणं धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही आहे : दुसऱ्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ लावायचा, तो लागत नसेल तर त्यालाच विचारायचं. एक साधं "बरी आहेस ना?" पुरलं असतं.

मास्तर, श्रीरामपूर

सगळे आपापसातलं सांगत आहेत. फादरांना कोणी टोकायचं?

आमच्याकडे एक तरुण फादर आले होते. मनाने लाख माणूस, पण वेदीवर ताबा सुटायचा. एका बाईचं लेकरू रडायला लागलं, तर प्रवचन थांबवून माइकवरून म्हणाले, "बाहेर नेता का जरा?" बाई उसाच्या तोडीवरून आलेली, चार कोस चालून. ती बाहेर गेली ती परत आली नाही.

धर्मपंडित संत थॉमस अक्विनसने हा प्रश्न सोडवून ठेवलाय : वरच्या अधिकाऱ्यालाही सांगता येतं, पण एकांतात आणि आदराने. बायबलात पौलाने पेत्राला तोंडावर सांगितलं होतंच. मी संध्याकाळी गेलो. मिस्सा झाल्या झाल्या मुद्दामच गेलो नाही, तेव्हा दोघांचंही डोकं गरम असतं. आधी आशीर्वाद मागितला, मग चहा झाला, मग म्हटलं, "फादर, लेकरू रडलं की तुम्हाला नेमकं काय होतं?" ते एकदम हसले. म्हणाले, "मास्तर, मी प्रवचन पाठ करून येतो. आवाज झाला की पुढचं वाक्य आठवत नाही."

चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस मी. वहीत मुद्दे कसे काढायचे ते दाखवलं. पुढे चिडायचे, पण कमी. त्या बाईच्या वस्तीवर फादर स्वतः जाऊन आले, ते मात्र मी सुचवलं नव्हतं.

कुवेतहून

माझं फसलेलं लिहितो. एका खोलीत आम्ही सहाजण, तीन कॅथलिक, तीन हिंदू. आमच्यातला एक गावी रिट्रीट (प्रार्थना-शिबिर) करून आला आणि गणपतीचा प्रसाद दिला की तोंड फिरवून "सैतानाचं" म्हणायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, अरे, १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेनेच लिहून ठेवलंय की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. खायचं नसेल तर हात जोड, नको म्हण, पण असं बोलू नकोस.

तो म्हणाला, तुझा विश्वास कोमट झालाय. आठवड्यात खोली बदलली. जाताना माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणाला. करतही असेल.

पहारेकरी

सगळं वाचलं. कोणी फाटकावर, कोणी झाडाखाली. स्पष्ट बोलायला सगळ्यांची जीभ का अडते? बायबलातला यहेज्केल ३३ वाचा. दुष्टाला सावध केलं नाही तर त्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल. गप्प बसणं हे प्रेम नाही.

मास्तर, श्रीरामपूर → पहारेकरी : बरोबर. पण तोच अक्विनस असंही म्हणतो, की टोकल्याने माणूस आणखी बिघडेल अशी रास्त भीती असेल तर बंधुभावाचं टोकणं थांबवावं. पहारेकऱ्यानेही शिंग कधी फुंकायचं ते बघायचं असतं.

नाइट ड्यूटी

मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. एक बाजू राहतेय म्हणून लिहिते. आमच्या कॉयरमधली एक बाई हात प्लास्टरमध्ये घालून आली. बाथरूममध्ये पडले म्हणाली. नवरा चर्चच्या सणाच्या कमिटीत, माणूस एकदम गोड. दोन वडीलधाऱ्यांनी त्याला 'प्रेमाने समजावलं', एक-दोघांना घेऊन जा या क्रमाने. त्याने मान डोलावली. घरी जाऊन तिला विचारलं, "कोणाकोणाला सांगितलंस?"

जिथे हात उचलला जातोय तिथे त्याला काय वाटेल याची काळजी करत बसू नका. त्याच्याशी बोलण्याआधी तिच्याशी बोला, एकटीशी. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात. त्याच्या दारूचं म्हणाल तर दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा कितीतरी चर्चच्या हॉलमध्येच भरतात, तिथे त्याला जाऊ द्या. पण ती सुरक्षित झाल्यावर. ती बाई आता माहेरी आहे, शिवणकाम करते.

धागाकर्ती → नाइट ड्यूटी : हे वर मीच लिहायला हवं होतं. धन्यवाद.

आजीचा नातू

एवढ्या गंभीर गोष्टींत माझं चिल्लर. आजी रोज व्हॉट्सॲपवर संत यूदाची साखळी पाठवते. नऊ जणांना पाठवा, नऊ दिवसांत चमत्कार, तोडली तर अमुक माणसाचा अपघात झाला. मी म्हटलं, आजी, ही अंधश्रद्धा आहे. ती दोन दिवस जेवली नीट नाही, साखळी तुटली म्हणून. मग मी तोडगा काढला : "तू फक्त मला पाठव, पुढचे नऊ मी बघतो." आजी खूश. ग्रुपवरचे लोक खूश.

सुगंधा → आजीचा नातू : आणि तू पुढे पाठवतोस?

आजीचा नातू → सुगंधा : नाही.

पहारेकरी → आजीचा नातू : म्हणजे आजीशी खोटं बोलतोस.

आजीचा नातू → पहारेकरी : हो काका. पण तुम्ही मला एकट्याला गाठून सांगायला हवं होतं.