मदत हवी आहे: हाउस ऑफ द ड्रॅगन, पुस्तक आधी वाचू का?

मंडळी, या मालिकेचा दुसरा सीझन (२०२४) आत्ता संपवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढे वाचू नका.

पहिल्या भागाचा शेवट अजून डोक्यातून जात नाही. राणी हेलेना तिच्या मुलाला मारायला आलेल्यांना गळ्यातला हार काढून देऊ करते, मग मुलाकडे बोट दाखवते. मी तिथेच थांबवून बसले होते. पण ज्यावर मालिका बेतली आहे ते ‘फायर अँड ब्लड’ पुस्तक वाचलेले बरेच जण चिडलेत, कारण मूळ कथेत तिला आणखी एक धाकटा मुलगा आहे, मेलॉर, आणि कोणाला मारायचं यासाठी तिला दोघांतून एकाची निवड करावी लागते. मालिकेत तो नाहीच.

शिवाय पहिल्या सीझनचे १० भाग, याचे ८च, आणि युद्ध तोंडावर येऊन थांबलं. तो राग मलाही पटतो.

‘फायर अँड ब्लड’ आत्ता वाचलं तर पुढच्या सीझनची मजा जाईल का? दोन्ही केलेल्यांनी कृपया सांगा.