सोसायटी ग्रुप : मावशींची पेन्शन आणि खासदारांना पत्र

वर्षा वहिनी : नमस्कार. आपल्या बी विंगमध्ये काम करणाऱ्या मावशींची पेन्शन दिवाळीपासून बंद आहे. ई-केवायसी होत नाही. काल मी सोबत गेले होते. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेघाच उरल्या नाहीत. ऑपरेटर म्हणाला हात धुऊन या. धुतले, पुन्हा लाल. मावशी नुसत्या पदराला अंगठा पुसत राहिल्या.

मिलिंद : किती मिळते?

वर्षा वहिनी : सहाशे. त्यात केंद्राचे दोनशे, बाकीचे आपल्या मध्य प्रदेश सरकारचे.

अप्पा : त्या दोनशेंबद्दलच बोलायचंय. इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा २००७ साली २०० होता, आजही २००च आहे. ऐंशीच्या पुढच्यांना ५००, तेही २०११ पासून तेवढेच. डाळ-तेलाचे भाव कुठून कुठे गेले! रक्कम जागची हलवली नाही की दरवर्षी थोडी थोडी कापली जाते, आणि तशी घोषणाही करावी लागत नाही. मला याचा फार राग येतो.

मिलिंद : पण अप्पा, पैसा आणायचा कुठून? सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मानचे पाच लाख दिलेच ना.

अप्पा : दिले, ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न न बघता. चांगलंच केलं, माझंही कार्ड निघालंय. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाचं. रोजची बीपीची गोळी, चष्मा, दूध त्यात येत नाही. आणि पैशाचं म्हणशील तर विधवा, दिव्यांग, वृद्ध अशा सगळ्यांच्या मिळून या कार्यक्रमाला २०२५-२६ च्या बजेटमध्ये ९,६५२ कोटी होते. आदल्या वर्षीही तेवढेच. एकूण बजेट ५० लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांत वीस पैसेसुद्धा नाहीत रे.

माई : रेल्वेचंही लिहा. ज्येष्ठ बायकांना निम्मं तिकीट होतं, ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के सूट. २० मार्च २०२० ला कोरोनामुळे बंद केली. कोरोना गेला, सूट आलीच नाही. पुण्याच्या बहिणीकडे जायचं म्हटलं की आधी मुलाकडे पैसे मागावे लागतात. मला नाही आवडत ते.

सेक्रेटरी : खासदारांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र देऊ. बजेट १ फेब्रुवारीला असतं, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीलाच पोचलं पाहिजे. नंतर उपयोग नाही.

अप्पा : मागणी स्पष्ट लिहा. केंद्राचा वाटा वाढवा आणि महागाईशी जोडा, म्हणजे दर वेळी हात पसरायला नको. रेल्वेची सूट निदान स्लीपरला तरी परत द्या.

मिलिंद : वीस पैशांचा हिशोब मला माहीत नव्हता. पत्र हिंदीत मी टाइप करतो, रात्री इथे टाकतो.

वर्षा वहिनी : मावशींचं मात्र जानेवारीपर्यंत थांबणार नाही. मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात जनसुनावणी असते, तिथे अर्ज देते. राज्य सरकारचा समग्र आयडी, आधार, पासबुक तयार आहे. आधार केंद्रात ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन नव्याने करून घ्यायचं आहे. गाडी लागेल, त्यांना रिक्षात चढता येत नाही.

मिलिंद : माझी गाडी आहे वहिनी. दहाला गेटवर येतो.

माई : आपल्या वॉचमनच्या वडिलांचीही थांबलीय म्हणे. त्यांनाही बरोबर न्या.