स्तन काढल्यानंतर पोटाच्या चरबीतून पुनर्रचना: सिझेरियनचा व्रण, मिश्री आणि गुहागरकडचं घर

दर्यावेळ
वहिनींसाठी विचारते आहे. वय ४६. डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, छातीवरचं रेडिएशन संपून आठ महिने झाले. टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत येऊ नये म्हणून संप्रेरकाला अडवणारी गोळी) चालू आहे. मधुमेह आहे, शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१. दोन सिझेरियन झालीत, छेद आडवा, दुसऱ्या वेळीच नसबंदी केली. बिडी-सिगारेट नाही, पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात.

मुंबईच्या प्लास्टिक सर्जननी पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन स्तन करता येईल असं सांगितलं. डीआयईपी करू, नाही जमलं तर टीरॅम, असं म्हणाले. दोन्हींत नेमका फरक काय? सिझेरियनमुळे अडचण येते का? घर गुहागरकडे आहे, विहिरीचं पाणी, चूल, जमिनीवर बसून काम. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली तर गणपतीला त्या स्वयंपाकघरात उभ्या राहू शकतील का? घरी आणल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं, तेही सांगा.

सूक्ष्मटाका
ताई, आधी फरक सांगतो, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.

दोन्हींत बेंबीखालचा, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंतचा त्वचा-चरबीचा पट्टा वापरतात. प्रश्न असतो तो या पट्ट्याला रक्त कुठून मिळणार याचा. जुन्या पद्धतीचा टीरॅम हार्ट्रॅम्फ यांनी १९८२ साली मांडला. त्यात पोटाचा उभा स्नायू पट्ट्यासकट वर उचलतात आणि त्वचेखालच्या बोगद्यातून छातीवर आणतात. स्नायू वरच्या टोकाला जोडलेलाच राहतो, त्यामुळे रक्तवाहिन्या कापून पुन्हा शिवाव्या लागत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाची गरज पडत नाही. पण त्या पट्ट्याचा मुख्य रक्तपुरवठा खालच्या बाजूने येतो. वरून मिळणारं रक्त त्यामानाने कमी, म्हणून कडेची चरबी मरण्याचं प्रमाण जास्त. शिवाय एक स्नायू जातो, आणि पोटाला फुगवटा किंवा हर्निया येण्याचा धोका वाढतो. तिथे बऱ्याचदा जाळी बसवावी लागते.

डीआयईपीमध्ये स्नायू जागेवर ठेवतात. त्यातून वर येणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या स्नायूचे धागे बाजूला सारत खालच्या मोठ्या वाहिनीपर्यंत सोडवतात आणि पट्टा पूर्ण सुटा करतात. मग तिसऱ्या बरगडीच्या कूर्चेजवळ, छातीच्या मधल्या हाडालगत असलेली इंटर्नल मॅमरी धमनी आणि शीर उघडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक नायलॉनने जोडतात. शिरेसाठी बऱ्याच ठिकाणी कपलर नावाची छोटी कडी वापरतात. एका बाजूचं काम साधारण सहा ते आठ तास. 'नाही जमलं तर टीरॅम' याचा अर्थ बहुधा असा, की वाहिन्या फार बारीक निघाल्या तर थोडा स्नायू सोबत घेऊ, पण जोडणी सूक्ष्मदर्शकाखालीच करू. तो मुक्त टीरॅम झाला, बोगद्यातला नव्हे. कोणता म्हणतायत ते स्पष्ट विचारून घ्या. घागर उचलणाऱ्या बाईच्या पोटाला या दोन टीरॅममध्ये पुष्कळ फरक पडतो.

आडव्या सिझेरियनने डीआयईपी सहसा अडत नाही. त्यात वरवरच्या वाहिन्या बऱ्याचदा कापल्या जातात, पण लागणारी खोल वाहिनी स्नायूच्या मागून जाते आणि बहुतेकदा शाबूत असते. जुना व्रण पट्ट्याच्या खालच्या कडेला येतो. बेंबीखाली उभा छेद असता तर गोष्ट वेगळी होती. मधल्या व्रणातून पलीकडे रक्त जात नाही, मग एका बाजूचाच पट्टा वापरता येतो. पोटाची सीटी अँजिओग्राफी आधी करतीलच. तिच्यात कोणती वाहिनी कुठे वर येते ते मिलिमीटरमध्ये दिसतं. किडनीच्या तपासण्या त्याआधी व्हायला हव्यात, कारण त्यात कॉन्ट्रास्ट (वाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देतात आणि वहिनींना मधुमेह आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

तीन गोष्टी सर्जनकडे मांडाच. रेडिएशननंतर निदान सहा महिने थांबतात, काही जण वर्षभर. आठ महिने चालतील, पण कातडी अजून लाल किंवा ताठर आहे का ते त्यांना पाहू द्या. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, म्हणून दोन ते चार आठवडे आधी थांबवतात. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांचा, घरच्या घरी गोळी बंद करू नका. तिसरी गोष्ट लोक विचारत नाहीत. डाव्या बाजूची हीच इंटर्नल मॅमरी धमनी हृदयाच्या बायपासला वापरतात. मधुमेह आहे, छातीत दुखण्याचा काही इतिहास असेल तर काखेकडच्या वाहिनीचा पर्याय आहे का, हे विचारणं योग्य ठरेल.

एचबीए१सी ८.१ हे मात्र जास्त आहे. सातच्या आसपास आणल्याशिवाय तारीख घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. पोटावरची जखम लांब आणि ताणलेली असते, साखर वाढलेली असेल तर तीच आधी उसवते. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. आणखी एक, पोटाचा हा पट्टा आयुष्यात एकदाच वापरता येतो. उजव्या बाजूचा काही विचार असेल तर तो आत्ताच बोलून घ्यावा.

रात्रपाळी
पहिल्या तीन दिवसांबद्दल लिहिते, कारण फ्लॅप, म्हणजे छातीवर जोडलेला पोटाचा तो त्वचा-चरबीचा तुकडा, वाचतो किंवा जातो तो बहुतेक याच काळात. पहिले २४ तास दर तासाला, पुढचे २४ तास दर दोन तासांनी, मग चार तासांनी पाहायचं असतं. रंग, ऊब, फुगवटा, आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो. दोन ते तीन सेकंद ठीक. शीर तुंबली की फ्लॅप जांभळट आणि टणक होतो, रंग लगेच परततो. धमनी बंद पडली की फिकट आणि गार होतो, रंग परतायला वेळ लागतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर सुरुवातीचा जांभळेपणा चटकन कळत नाही. पहिल्या तासाचा फोटो ठेवून त्याच उजेडात तुलना करावी, आणि डॉप्लरचा (वाहिनीतला रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकण्यासाठी खूण केलेली जागा पुसू देऊ नये. शंका आली तर थांबून पाहत बसायचं नाही. काही तासांत पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं तर बरेच फ्लॅप वाचतात.

नातेवाइकांनी एवढं करावं: एसी जोरात लावू नये, थंडीने वाहिन्या आकसतात. घट्ट ब्रा किंवा पट्टा फ्लॅपवर येऊ देऊ नये, त्या कुशीवर झोपू देऊ नये. पलंगाचं डोकं वर आणि गुडघ्याखाली उशी ठेवतात, पोटाच्या टाक्यांवर ताण नको म्हणून. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात, मग हळूहळू चालवतात. चालणं आठ-दहा दिवस कमरेत वाकूनच होतं, घाबरू नका, सरळ उभं राहायला लावू नका.

ड्रेनच्या, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या पोटाला बहुधा दोन, छातीला एक. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी आलं की सहसा काढतात. वेळ लिहून मोजमाप ठेवा. माझं सांगणं, ड्रेन निघेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, मुंबईतच राहण्याची सोय करा. नंतर परत यायला महामार्गापेक्षा कोकण रेल्वे बरी. चिपळूणपर्यंत खालचा बर्थ, दर तासाला उठून चार पावलं, पाणी भरपूर. चिपळूणपासून गाडी सावकाश, पोटावर उशी धरून सीटबेल्ट. पोटरी एकाच बाजूची सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली, तर जवळचं रुग्णालय गाठा, मुंबईला फोन नंतर करा.

हातपाय_केंद्र
घरचं मी सांगते. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही नाही. भरलेली कळशी दहा किलोच्या पुढे जाते, हंडा त्याहून जड, त्यामुळे पाणी शेंदणं आणि वाहणं तीन महिने दुसऱ्याकडे. जमिनीवरची गादी नको, उंच पलंग हवा. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटून बसायचं. भारतीय शौचालय असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने पोटाच्या टाक्यांवर ताण येतो.

पोटाला बांधायचा आधाराचा पट्टा सहा आठवडे. आपल्याकडच्या जूनमध्ये ही खरी अडचण, कारण काही वाळत नाही. दोन पट्टे घ्या, आत पातळ सुती बनियन, आणि जांघेची घडी रोज कोरडी करून पाहा. लाल, खाजरा चट्टा दिसला तर ती बहुधा बुरशी असते, टाक्यापर्यंत पोचायच्या आत औषध लावा.

नव्या स्तनाला आणि पोटाच्या खालच्या भागाला बधिरपणा असतो. काही जाणीव महिन्यांनी परतते, पूर्ण नाही. म्हणून गरम पाण्याची पिशवी तिथे कधीच नाही, आणि चुलीच्या अगदी पुढ्यात बसणंही टाळायचं. भाजल्याचं कळतच नाही.

खांदा पहिले दोन आठवडे काटकोनापर्यंतच, मग भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. काखेतल्या गाठी काढल्यात, तेव्हा त्या हाताला मासे निवडताना काटा किंवा खेकड्याची नांगी लागू देऊ नका. जाड हातमोजे घाला. लागलंच आणि हात लाल, गरम झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथून हाताची सूज कायमची बसू शकते.

गणपतीचं म्हणाल तर, जूनच्या सुरुवातीला झालं आणि सगळं सुरळीत भरलं, तर ओट्यापाशी उभं राहून मोदकांच्या पाऱ्या करायला हरकत नाही. खवणीवर बसून नारळ खवणं आणि मोठी पातेली उतरवणं घरातल्या दुसऱ्या कोणी करावं. बांगडे, अंडी, कुळथाचं पिठलं जेवणात नियमित असू द्या, जखमेला प्रथिनं लागतात. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून.

सूक्ष्मटाका
दोन-तीन महिन्यांनी नव्या स्तनात कडक गाठ हाताला लागली तर ती बहुधा मेलेली चरबी असते, पण घरी अंदाज करायचा नाही. सोनोग्राफी, गरज पडली तर सुईची तपासणी. स्तनाग्र, चरबी भरून आकार नीट करणं, दुसऱ्या स्तनाशी जुळवणं हे तीन ते सहा महिन्यांनंतर, वेगळ्या छोट्या शस्त्रक्रियांत. खर्चाचा अंदाज घेताना हेही धरा. सरकारी आरोग्य योजनेतून करणार असाल तर कोणतं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, ते रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून तारीख ठरण्याआधी लेखी घ्या.

दर्यावेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. मिश्री कमी केली तर चालेल का? त्या म्हणतात, दात घासायलाच तर लावते. निकोटीनचा गम देऊ का?

सूक्ष्मटाका
नाही ताई, कमी करून चालणार नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं आणि बारीक वाहिन्या आकसतात. आम्ही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची वाहिनी जोडणार, आणि पोटाच्या टाक्यांच्या कडेला तर त्याहून बारीक वाहिन्यांवर जखम भरायची असते. तपकीर, तंबाखूचं पान, गुटखा सगळं त्यातच आलं. गम आणि पॅच यांतही निकोटीनच असतं, म्हणून बरेच सर्जन तेही नको म्हणतात. निकोटीन नसलेली गोळी हवी असेल तर डॉक्टरांकडून घ्यावी, ती सर्वांना चालत नाही.

निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद, आणि चार आठवडे नंतरही. काही ठिकाणी लघवीतलं कोटिनीन (शरीरात निकोटीनपासून तयार होणारा पदार्थ) तपासतात आणि ते आढळलं तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. पहिला आठवडा डोकं दुखणं, चिडचिड, बद्धकोष्ठ होतं, तेव्हा घरच्यांनी सांभाळून घ्यावं. घरात दुसरं कोणी लावत असेल तर डबी वहिनींच्या समोर ठेवू नये. सकाळी साधी टूथपेस्ट आणि ब्रश. आणि भरतीच्या वेळी भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा 'तंबाखू नाही' असं सांगू नका, मिश्री हा शब्द वापरून, किती वर्षं आणि शेवटची कधी लावली, ते सांगा.