भावासाठी ‘संजय गांधी निराधार’चा अर्ज करायचाय, तयारी कशी करावी? (नागपूर)

हनुमाननगरची ताई
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाला लकवा मारला, त्याला आता वर्ष होत आलं. वय ४१. उजवा हात जवळजवळ गेलाच, पाय ओढत चालतो, बोलताना शब्द अडकतात. हार्डवेअरच्या दुकानातलं काम सुटलं. वहिनी दोन घरी पोळ्या करते, त्यावर घर चालतं. अपंगत्वाचा दाखला काढून तहसीलमध्ये ‘संजय गांधी निराधार’चा, म्हणजे सरकारच्या दरमहा अनुदानाच्या योजनेचा, अर्ज टाका असं सगळे सांगतात, पण आधी काय नि मग काय, काही उमगत नाही. एकानं ‘पाच हजार द्या, दाखला घरपोच’ म्हटलंय. द्यावे का?

बर्डीकर
ताई, एक रुपयाही देऊ नका. यूडीआयडीचा, म्हणजे सरकारी दिव्यांग दाखला-ओळखपत्राचा, अर्ज फुकट भरता येतो. तपासणी न होता आलेला दाखला उद्या पडताळणीत सापडला तर दलाल गायब होईल आणि भाऊ गोत्यात येतील.

अजनीवाला
माझ्या आईचं हे सगळं मीच केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम दवाखान्याचं, दुसरं तहसीलचं. दाखला हाती आल्याशिवाय तहसीलच्या रांगेत उभं राहू नका. यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, त्यात दवाखाना निवडायचा. तुम्हाला मेडिकल जवळ पडेल, मेयोही आहेच, दोन्ही सरकारी दवाखाने. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या वारी बसतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर भावाला रिक्षात घालून नेलं आणि तसंच परत आणलं असं होतं. लकव्यासारख्या आजारात दाखल्याची तपासणी सहा महिने उलटल्यावर करतात, ते तुमचे झालेच आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टर आजाराचं नाव बघून अपंगत्वाचे टक्के देत नाहीत, माणसाला काय जमतं आणि काय जमत नाही ते बघतात. माझ्या आईला विचारलं, ‘स्वयंपाक करता का?’ ती म्हणाली, ‘हो, सारं येते मले.’ घरी तिला कुकरचं झाकण लावता येत नव्हतं! परक्यासमोर कमीपणा वाटतो, म्हणून माणूस असं बोलतो. तुमच्या भावाला तर बोलायलाही त्रास आहे. म्हणून घरीच एका कागदावर लिहून घ्या: शर्टाची बटणं कोण लावतं, घास कोणत्या हातानं, आंघोळीला कोणाचा आधार, जिना उतरता येतो का, रात्री संडासला कोण उठतं. वाढवून काही लिहू नका, पण लपवूही नका. वहिनींना सोबत न्या, रोजचं त्यांनाच माहीत. सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनुसार लावा आणि झेरॉक्सचे दोन संच करा.

४० टक्के किंवा त्याहून जास्त लागले तरच पुढची योजना. २०२४ च्या नियमांपासून यूडीआयडी कार्डाला रंगही आलेत: ४० च्या आत पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० पासून पुढे निळा. सुधारणा होण्यासारखी वाटली तर मुदतीचा दाखला मिळतो. घाबरू नका, पण मुदत कधी संपते ते लिहून ठेवा. नूतनीकरण राहिलं तर अनुदान थांबू शकतं.

हनुमाननगरची ताई
दादा, खूप आभार. वहिनीला आजच कागद लिहायला बसवते. उत्पन्नाची अट काय आहे? आणि महिन्याला किती मिळतात?

सेतूजवळचा
दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत चालतं, इतरांना २१,००० ची मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या घरी महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. वहिनींची खरी कमाई धरून हिशोब करा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतूतून काढता येतो. वय १८ ते ६५ मध्ये हवं आणि राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य हवं. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर शोधून ठेवा, वयाला तो कामी येतो. अनुदान आधी १,५०० होतं, दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केलंय.

नाव मात्र तपासा, ताई. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, पासबुकावर नुसतं आद्याक्षर, यूडीआयडीवर तिसरंच काही, आणि मंजूर झालेले पैसे अडकून बसतात. आधी आधार नीट करा, मग त्यावरूनच बाकीचं. खातं भावाच्या एकट्याच्या नावावर ठेवा आणि बँकेत स्पष्ट विचारा, ‘डीबीटीसाठी आधार सीड झालंय का?’ म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून आधार खात्याला जोडलंय का. केवायसी झालंय एवढ्या उत्तरावर परत येऊ नका, ती वेगळी गोष्ट आहे. अर्ज दिला की पोच घ्याच. मंजुरी समितीत होते, वेळ लागतो, तोवर पोच हाच तुमचा आधार. चालू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

अजनीवाला
एक राहिलं. महापालिकेच्या दिव्यांग योजना तहसीलपेक्षा वेगळ्या असतात. तुमच्या हनुमाननगर झोनमध्ये त्यांची स्वतंत्र चौकशी करा. पायाला पट्टा किंवा काठी हवी असेल तर धंतोलीला यशवंत स्टेडियममधल्या सीआरसीत, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी पुनर्वसन केंद्रात, भावाला घेऊन जा, ते बघून मोजमाप घेतात. दाखल्याची वाट बघत चालणं बिघडू देऊ नका, फिजिओथेरपी सोडू नका.

हनुमाननगरची ताई
पासबुक आत्ताच काढून बघितलं, आडनावात एक अक्षर चुकलंय. उद्या आधी बँकेत जाते, बोर्डाचा वार कळला की इथेच लिहीन.