पावसात घाटात काच पांढरी होते, लाल-निळ्या नॉबचं करायचं काय?

गुहागरवाला
गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, तीन गोल नॉबांचा साधा एसी. त्यातला लाल-निळा नॉब मी आजवर निळ्यावरून हलवलेला नाही. गुहागरात हिटर कोणाला हवाय? मे महिन्यात गाडीचं दार उघडलं की तो फुकटच मिळतो.

परवा कराडला निघालो. आम्ही चौघं, निथळत्या दोन छत्र्या आणि आईनं बहिणीसाठी बांधून दिलेले सुके बांगडे. पोफळी सोडून कुंभार्ली चढायला लागलो आणि समोरची काच पांढरीफटक. बायको पंचानं पुसतेय, दोन वळणांत परत तेच. एसी लावला तर मागे पोरं कुडकुडायला लागली, म्हणून बंद केला. समोरून ट्रक आला तो दिसला नाही, हॉर्न ऐकला. घाम फुटला. गॅरेजवाला म्हणतो एसीचा गॅस भरा. भरू का?

चिपळूणचा ड्रायव्हर
पोरं कुडकुडली ना? मग गॅस आहे. पैसे ठेवा खिशात.

तुमचं आत वळलेल्या बाणाचं बटण चालू राहिलं असणार. ट्रकच्या धुरामागे लावतो आणि विसरतो, माझंही होतं. मग चौघांचे श्वास नि छत्र्यांची ओल आतल्या आत फिरत राहते. ते बटण बंद करा, बाहेरची हवा घ्या. हवेची दिशा काचेवर, पंखा तीनवर, एसी चालू आणि तो लाल-निळा नॉब मधोमध, थंडी वाजली तर थोडा लालकडे.

एसी आणि हिटर एकत्र लावायचे म्हटलं की लोक हसतात. पण हवा आधी एसीच्या गार कॉइलवरून जाते, तिथे तिच्यातलं पाणी सुटतं. गाडीखाली टपटप पडतं ते हेच. मग ती कोरडी हवा हिटरवरून कोमट होऊन काचेवर येते. नुसता हिटर लावलात तर हवा गरम होईल, तिची ओल जाणार नाही. हिटरला वेगळं पेट्रोलही लागत नाही, इंजिन थंड ठेवायला जे पाणी फिरतं, त्या कूलंटचीच ऊब असते ती. मात्र इंजिन तापेपर्यंत थांबावं लागतं.

आंबोलीकर ताई
ह्यां आमच्याकडे रोजचां आसा! आधी काचेला आतून बोट लावा. रेघ उमटली तर वाफ आतली. नाही उमटली तर बाहेरची, मग कितीही पुसा, हात दुखतील. गार हवा काचेवर मारून काच थंड झाली की बाहेरची दमट हवा तिच्यावर बसते. एकदा वायपर फिरवा, हवा पायाकडे वळवा.

आणि काच आतून स्वच्छ करा हो, तेलकट थरावर वाफ लगेच धरते. छत्र्या डिकीत. एसीचा फिल्टर असेल तर तोही काढून बघा, माझ्या गाडीच्या फिल्टरात उंदरानं भाताच्या तुसाचं बाळंतघर केलं होतं.

गुहागरवाला
काल चिपळूणला जाऊन आलो, परशुराम घाटापर्यंत मुद्दाम गेलो. पाऊस धो धो. नॉब इतका घट्ट की पकड आणायच्या बेतात होतो. फिरला एकदाचा, आधी जळक्या धुळीचा वास आला, मग काच खालच्या कडेपासून वर हळूहळू उघडत गेली. बायको म्हणाली, एवढी वर्षं हे होतं गाडीत?

आता एक नवीनच. डाव्या सीटखालचं पायपुसणं ओलं लागतंय. छत्र्या डिकीतच होत्या.

चिपळूणचा ड्रायव्हर
बोटांवर चोळून बघा. साधं पाणी असेल तर एसीची पाणी सोडायची नळी तुंबलेय, पानं-माती काढली की झालं. चिकट लागलं, गोडसर वास आला तर हिटरातून कूलंट गळतोय. चाटून बघू नका, विषारी असतो. तसं असेल तर घाटात नेऊ नका, आधी दाखवा.

गुहागरवाला
साधंच पाणी आहे. वास मात्र बांगड्यांचा.